अर्धं वर्षासन

एक घाट होता, चढायला अवघड आणि उतरायला त्याहून अवघड. त्याच्या पायथ्याशी, रस्त्याच्या दोन बाजूंना, दोन बाया म्हाताऱ्या बैलांचा संसार मांडून बसल्या होत्या. एका बाजूला गोजाबाई, समोर मथुराबाई. दोघींना स्वतःचं असं कोणी नव्हतं, आणि दोघींच्या अंगणात बैलांमुळे पाय ठेवायला जागा नव्हती.

हे बैल यायचे कुठून? समुद्राकडून मिठाच्या गोण्या घेऊन बैलांचे तांडे या घाटाने वर जायचे. ज्या बैलाला चढ झेपेनासा व्हायचा, त्याची गोणी दुसऱ्याच्या पाठीवर जायची आणि तो बैल पायथ्याशी राहायचा. तांडेवाला जाताना कडब्याची एखादी पेंढी टाकायचा, हात जोडायचा आणि मागे न बघता चालू लागायचा. पुढचं सगळं या दोघींवर.

रोज सकाळी दोघी आजूबाजूच्या वाड्यांवर हिंडून पेंढ्या मागून आणायच्या. कुणी ज्वारीच्या वाळलेल्या ताटांची चांगली जुडी द्यायचं, कुणी कुजकी द्यायचं, कुणी दारातून हाकलायचं. मिळेल ते संध्याकाळी बैलांपुढे पडायचं आणि रात्रीत संपायचं. पावसाळ्यात मागच्या टेकड्यांवर चारा होता, पण गवत बोटभर वर आलं की बैलांच्या पोटात जायचं, त्यामुळे टेकड्या बाराही महिने बोडक्याच.

उन्हाळ्यात तर मागूनही काही मिळायचं नाही. लोकांच्याच गोठ्यातला कडबा संपलेला असायचा. अशा वेळी तिथे एक रीत होती. ज्या बैलाला पोसणं आता होणार नाही, त्याच्या गळ्यातली घंटा काढायची, तोंडात गुळाचा खडा द्यायचा आणि त्याला पलीकडच्या माळावर सोडून यायचं. घंटा अशासाठी काढायची, की तो कुठे भटकतोय, कुठे बसलाय आणि कधी उठलाच नाही, हे घरात बसून ऐकू येऊ नये. गोजाबाईच्या दारातल्या खुंटीवर अशा घंटांचा घोस होता. मथुराबाईच्या दारातही होता. त्या घंटांबद्दल दोघी एकमेकींशी कधी बोलत नसत.

एकदा त्या मुलखाची राणी घाट उतरून आली. ऊन चढलं होतं. भोयांनी सावली पाहून पालखी टेकवली, आणि सावलीचं झाड तेवढं मथुराबाईच्या दारात होतं. बाकी कारण काही नाही. राणीने बैल पाहिले, बाई पाहिली आणि विचारलं, "बाई, तुला काय कमी आहे?"

मथुराबाई म्हणाली, "राणीसाहेब, आजचं कसंतरी भागतं. पण पुढच्या उन्हाळ्याला काय मिळंल ते आज ठावं नसतं. म्हणून आज काही करताच येत न्हाई."

राणीने थोडा विचार केला. देवळांच्या दिवाबत्तीसाठी वर्षासन लावून द्यायची रीत तिच्या घराण्यात जुनीच होती. वर्षासन म्हणजे दरवर्षी ठरल्या वेळी, न मागता, दारात येणारं दान. ती म्हणाली, "देवाला वर्षासन मिळतं, मग या बैलांना का नको? सुगी झाली की दरवर्षी माझ्या कोठारातून कडब्याच्या गाड्या तुझ्या दारात येतील. तीन वर्षं येतील. रोज काय केलंस हे विचारायला कोणी येणार नाही. वर्ष सरलं की तूच येऊन सांग."

पालखी उठली आणि गेली. रस्त्यापलीकडे गोजाबाई पदर सावरून कधीची उभी होती. तिच्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही.

झालं! तेव्हापासून गोजाबाईच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेना. बरं, या दुखण्याला ओवा चालत नाही.

सुगी झाली आणि गाड्या आल्या. करकरत, डुलत, कडब्याने लादलेल्या. गोजाबाई दार लावून आत बसली, पण दाराच्या फटीतून एकेक गाडी बघत राहिली. "माझे बैल काय दगड खातात?" ती भिंतीला विचारू लागली. "ती मागते, मी पण मागते. तिच्यापेक्षा दोन वाड्या जास्त हिंडते मी. पालखी तिच्या दारात टेकली म्हणून ती पुण्यवान, मग मी कोण?" खरं सांगायचं तर इथवर तिचं काहीच चुकलं नव्हतं. दुःख झालं तर माणसाने भिंतीशी बोलू नये तर कुणाशी बोलावं?

आता मथुराबाईला सकाळी मागायला जावं लागत नव्हतं. तिच्या हातात आख्खी सकाळ आली. गोजाबाईला वाटलं, आता ही पाय पसरून बसेल. पण मथुराबाई कोयता घेऊन निघाली, बाभळीचे काटे तोडून आणले आणि घरामागच्या टेकडीला कुंपण घालायला लागली. मग घाटातल्या कड्यांवर, जिथे बैल पोचत नाहीत तिथे चढून, पवन्या गवताचं बी ओच्यात भरभरून आणलं आणि त्या बोडक्या टेकडीवर फेकलं. पाऊस सुरू झाला तरी तिने आपले बैल टेकडीवर सोडले नाहीत. अंगणात बांधून त्यांना राणीचा कडबा घालत राहिली.

गोजाबाईला राहवेना. ती रस्ता ओलांडून गेली. "मथुरे, टेकडीला काटे कशापायी लावलेस?"

"आक्का, दोन पावसाळे हिला कुणी तोंड लावायचं न्हाई. यंदाचं गवत पिकू दे, बी खाली पडू दे. पुढच्या साली दाट येईल, त्याचं पण बी पडू दे. तिसऱ्या साली कापून गंजी रचायची. मग कुणी दिलं न दिलं, उन्हाळ्यात एका पण बैलाची घंटा काढायला नको."

"तिसऱ्या साली!" गोजाबाई मोठ्याने हसली. "आपल्याला परवाचं ठावं नसतं, आणि ही बया तिसऱ्या सालाच्या गोष्टी करतीया! राणीनं डोकं फिरवलं गं तुझं."

हसली खरी. पण घरी आल्यावर तिला कडब्याच्या गंजीपेक्षा ते 'तिसऱ्या साली' जास्त झोंबलं. मथुरा ते किती सहज बोलली होती, परसातल्या भाजीबद्दल बोलावं तसं. आपल्या तोंडून असा शब्द आयुष्यात कधी निघाला नाही, हे गोजाबाईच्या लक्षात आलं आणि तिचा आणखीच जळफळाट झाला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात गोजाबाईच्या खुंटीवर पुन्हा घंटा वाढल्या. मथुराबाईच्या खुंटीवर एकही वाढली नाही. मथुराबाई एकदा पेंढ्यांचा भारा डोक्यावर घेऊन आली आणि म्हणाली, "आक्का, माझ्याकडं थोडं शिल्लक आहे, ठेवून घे." गोजाबाईने दारातूनच सांगितलं, "राणीचं दान राणीच्या लाडकीपाशीच राहू दे." भारा परत गेला. मागे दावणीला गोजाबाईचे बैल माना वर करून वास घेत होते. मत्सर माणसाला स्वतःचं नुकसान करायला लावतो तेव्हा त्याला मानीपणा म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे.

दुसरा पावसाळा आला. आणि काय सांगावं, मथुराबाईची टेकडी पालटली. पवन्या कमरेइतका उभा राहिला. वारा आला की सगळी टेकडी हलायची. गोजाबाईचे बैल कुंपणाला छाती लावून हंबरायचे. आणि त्याच वेळी रस्त्यावरून सरळ दिसायचं, की मथुराबाईचे बैल मात्र अंगणात वाळका कडबा चघळतायत.

गोजाबाईचे डोळे चमकले. तिला हवं होतं ते सापडलं. दुसऱ्या दिवशी ती मागायला न जाता थेट राजधानीला गेली आणि राणीपुढे उभी राहिली.

"राणीसाहेब, तुमच्या दानाची थट्टा चालली आहे. भर श्रावणात कमरेइतकं हिरवं गवत काट्यांत कोंडून ठेवलंय, आणि मुके जीव वाळका कडबा खातायत. इचारलं तर म्हणते, गवत तिसऱ्या सालासाठी आहे! खोटं वाटत असंल तर माणूस धाडा."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणून तर तो लागला.

राणीने कारभाऱ्याला धाडलं. कारभारी तसा सरळ माणूस. पण त्याचा विश्वास फक्त आज डोळ्यांना दिसतं त्यावर. त्याने कुंपणावरून गवत पाहिलं, अंगणातला कडबा पाहिला आणि विचारलं, "बाई, बैल भुकेले कधी आहेत? आज की तिसऱ्या वर्षी?"

"साहेब, अजून बी पडायचंय," मथुराबाई कळवळून म्हणाली. "आत्ता तोंड लावलं तर चिखलात मुळासकट उपटून येईल. दिवाळीपर्यंत तरी दम धरा."

"दम धरायला हे काय माझं आहे? राणीसाहेबांचं दान आहे," कारभारी म्हणाला आणि घोड्यावर बसला.

हुकूम आला तो असा. वर्षासन बंद, अंगणात उरलेला कडबाही कोठारात जमा. तेवढाच कडबा यापुढे दोघींना अर्धा-अर्धा, आणि तोही रोजच्या रोज. रोज सकाळी कोठारापुढे यायचं, बैल किती ते सांगायचं, त्या दिवसाचा वाटा घ्यायचा. "सारखं वाटलं की तक्रारीला जागाच उरत नाही," कारभारी मिशीवर हात फिरवत म्हणाला. न्याय केल्याचं समाधान फार गोड असतं, त्यासाठी न्याय झालेलाच असावा लागतो असं नाही.

गोजाबाईला तर आभाळ ठेंगणं झालं. त्या दिवशी ती गाणं म्हणत शेण काढत होती.

पण कोठार होतं राजधानीत. पहाटे निघावं, रांगेत उभं राहावं, बैल मोजून सांगावेत, दोन बैल परवाच आलेत हे पटवून द्यावं, आणि भारा डोक्यावर घेऊन परतावं तोवर दुपार टळलेली. मग वाड्यांवर मागायला कधी जाणार? जेवढं कोठारातून मिळायचं तेवढंच वाड्यांवरचं हातचं जायचं. गोजाबाईने मनातल्या मनात हिशेब जुळवून पाहिला, पण बैलांची पोटं होती तेवढीच खपाटीला गेलेली. रांगेत तिच्या पुढे किंवा मागे मथुराबाई उभी असायची. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उभी राहायची.

अर्ध्या कडब्यावर मथुराबाईने थोडे दिवस काढले. मग बैल दावणीला लटपटायला लागले, तेव्हा तिने स्वतःच्या हाताने काटे बाजूला केले. तिचे बैल आत शिरले. त्यांच्या मागोमाग गोजाबाईनेही आपले घुसवले, हक्क असल्यासारखे. ओल्या मातीत बैलांनी गवत ओढलं की मुळंही मातीसकट वर यायची. जे खाल्लं नाही ते खुरांखाली गेलं. पावसाळा सरायच्या आत टेकडी पुन्हा बोडकी झाली. बी पडायचं राहून गेलं.

मग उन्हाळा आला. कोठारातला वाटा होता तेवढाच, पण टेकडीवर आता काडीही उरली नव्हती. गोजाबाईला घंटा काढायची सवय होती, तिने काढल्या. आणि एका दुपारी तिने पाहिलं, की समोरच्या अंगणात मथुराबाई सरदारच्या गळ्याशी वाकली आहे.

सरदार हा एके काळी आख्ख्या तांड्याच्या पुढे चालणारा बैल. आता एका पायाने लंगडा, पण मान अजून ताठ. मथुराबाईला घंटेची गाठ सुटेना. सुटली तेव्हा तिने त्याच्या तोंडाशी गूळ धरला, त्याने गूळ खाल्ला आणि तिचा तळवा चाटून पुसून स्वच्छ केला. ती त्याला माळापर्यंत घेऊन गेली आणि परत फिरली. तोही परत फिरला. तिने त्याला पुन्हा नेऊन सोडलं. तो पुन्हा मागे आला, लंगडत, घाई करत. शेवटी मथुराबाईने रस्त्यातलं ढेकूळ उचललं आणि त्याच्या अंगावर फेकलं. सरदार थांबला. काही वेळ तिच्याकडे बघत राहिला, मग वळला आणि माळाकडे गेला. मथुराबाई तिथेच रस्त्यात खाली बसली.

गोजाबाई आपल्या दारातून हे सगळं बघत होती. तिला हवं होतं ते झालं होतं. मथुरा आता तिच्यासारखीच होती, काडीचाही फरक नाही. आता तरी बरं वाटायला हवं होतं. पण बरं वाटण्याऐवजी गोजाबाईला इतकी लाज वाटली की तिला दारात उभं राहवेना.

ती जाऊन मथुराबाईशेजारी धुळीत बसली. "मथुरे, राणीला मीच सांगितलं."

"ठावं आहे, आक्का."

"मग एका शब्दानं बोलली का न्हाईस?"

"बोलून गवत उगवलं असतं व्हय?"

दुसऱ्या दिवशी गोजाबाई राजधानीला गेली, पण रांगेत उभी राहिली नाही. ती राणीसमोर गेली आणि झालं ते पहिल्यापासून सांगितलं. मत्सराचा भाग तिने गाळला नाही.

राणीने विचारलं, "पण तुम्हा दोघींना मिळून कडबा तेवढाच मिळतो आहे ना? मग कमी काय झालं?"

"कडबा तेवढाच आहे, राणीसाहेब," गोजाबाई म्हणाली. "पण कडब्याबरोबर तिला पुढचा उन्हाळा मिळाला होता. कडबा अर्धा करून वाटता आला. पुढचा उन्हाळा वाटायला गेलो तर तो कुणालाच मिळाला न्हाई."

कारभाऱ्याने खिडकीबाहेर पाहिलं. मग राणी म्हणाली, "माझंही चुकलं. तीन वर्षांचा शब्द दिला आणि मधेच मोडला. पण कोठारात आहे तेवढंच आहे. मथुराबाईला पुन्हा वर्षासन लावलं तर तुझा रोजचा वाटा बंद होईल. तुला पुढे कधी देईन असंही आज सांगता येत नाही. बोल."

गोजाबाईच्या डोळ्यांसमोर पुन्हा त्या करकरत येणाऱ्या गाड्या आल्या आणि दाराची फट आली.

"म्हंजे तिला मिळणार आणि मला न्हाई," ती म्हणाली. "पुन्यांदा तेच."

"हो. पुन्हा तेच."

"पोटात दुखतंय, राणीसाहेब. खोटं कशाला बोलू? पण द्या तिला. आणि एक करा. या वेळी मधे कुणी काही सांगायला आलं, अगदी मी जरी आले, तरी काढून घेऊ नका."

तसंच झालं. मथुराबाईने पुन्हा काटे तोडले, पुन्हा कड्यावर चढून बी आणलं. गोजाबाई आपल्या वाड्या हिंडत राहिली. मथुराबाई भारा घेऊन आली तर आता ती घेत होती, पण प्रत्येक सुगीला गाड्या आल्या की अजूनही तोंड फिरवायची. एकदा पोटात शिरलेलं दुखणं एका चांगल्या कामाने निघून जातं, असं गोष्टी सांगणारे म्हणतात. त्यांचं ऐकू नये. ते हळूहळू जातं.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर मथुराबाईची टेकडी कापली गेली. अंगणात गंजी उभी राहिली, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. तो उन्हाळा आला आणि गेला, त्या बाजूला कुणाची घंटा निघाली नाही. राणीच्या गाड्या यायच्या बंद झाल्या, तरी मथुराबाईच्या बैलांना ते कळलंही नाही.

मग एका सकाळी मथुराबाई रस्ता ओलांडून आली. गोजाबाई मागायला निघाली होती.

"आक्का, आज जाऊ नकोस. तुझ्या मागची टेकडी बंद कर. तुझे बैल माझ्या गवतावर राहतील."

गोजाबाईने संशयाने पाहिलं. "रोज तुझ्या दारात मागायला येऊ म्हणतेस?"

"न्हाई. दरसाली गवत कापलं की भारे तुझ्या अंगणात येतील. तीन पावसाळे."

"आणि मी काय केलं ते कुणाला दाखवायचं?"

"वर्ष सरलं की मला सांग. न्हाई सांगितलंस तरी दिसंलच की मला, समोरच तर राहते."

गोजाबाई हातातली दोरी तशीच धरून उंबऱ्यावर बसली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला सकाळी कुठे जायचं नव्हतं. तिने मागे वळून आपल्या बोडक्या टेकडीकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, कधी पाहिली नसल्यासारखी. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही. मग तिने विचारलं,

"मथुरे, त्या पवन्याचं बी कुठल्या कड्यावर घावतं गं?"

तात्पर्य सांगायचं तर इतकंच: चांगलं काम करणाऱ्या लहान माणसाला रोजच्या रोज मोजून दिलं तर त्याचा आजचा दिवस निघतो, पण पुढच्या वर्षांचा शब्द दिला आणि पाळला तर तो पुढच्या वर्षांचं काम आज हातात घेतो. आणि शेजारणीला असा शब्द मिळाल्याचं पोटात दुखलं, तर तिचा अर्धा मागू नये. आपल्यासाठी आख्खा मागावा.